दुधाच्या पिशवीतली सुई: सुरतमधले चार दिवस

पोंक खायला ये, असं दादा दर जानेवारीला फोनवर म्हणायचा आणि दर जानेवारीला माझ्याकडे पेपरच्या कुठल्यातरी पुरवणीचं काम असायचं. आता नोकरी संपली, पुरवण्या संपल्या, ब्लॉग तेवढा उरला. या वेळी त्याचा फोन आला तेव्हा बोलता बोलताच मी तिकीट काढलं. बेत साधा होता. जळगावहून सुरत, चार दिवस. पोंक, लोचो नावाचा मऊसर ढोकळा, हजिऱ्याच्या बाजूचा समुद्र, आणि परत आल्यावर एक पोस्ट: स्वच्छ शहरांच्या यादीत कायम वर असणारं सुरत हे कसं जमवतं, आपल्याला का जमत नाही.

ती पोस्ट ही नाही. मी सहसा चिडून लिहीत नाही. चिडून लिहिलेलं दुसऱ्या दिवशी आपल्यालाच वाचवत नाही, हे तीस वर्षांच्या नोकरीत कळलं आहे. म्हणून ही पोस्ट लिहायला मी आठ आठवडे थांबले. राग कमी होईल असं वाटलं होतं.

शुक्रवार

जळगावहून सुरतेला जायचं तर रेल्वेच घ्या. बसचा रस्ताही आहे, पण नवापूरच्या अलीकडे घाटात ट्रकांमागे रखडायला होतं. सकाळची गाडी, स्लीपरचं तिकीट तीनशेच्या आत, आणि खिडकी मिळाली तर अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार असा अख्खा खान्देश बसल्या जागी बघून होतो. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिथे गाडी थांबली की फलाटावर उतरून दोन्ही राज्यांत एकेक पाय ठेवून फोटो काढणारे दोघंतिघं हमखास असतात. मीही काढला. व्यारा, बारडोली गेलं की चलथाणच्या साखर कारखान्याचा मळीचा वास डब्यात शिरतो आणि अनुभवी प्रवासी वरच्या बर्थवरून बॅगा काढायला लागतात. डिंडोलीला जायचं असेल तर सुरत स्टेशनपर्यंत जाऊ नका, उधन्यालाच उतरा. बाहेर शेअर रिक्षा मिळतात.

डिंडोलीत पोचल्यावर आपण गुजरातेत आहोत हे दुकानांच्या पाट्यांवरूनच काय ते कळतं. पाटीखाली बसलेला माणूस आपल्याकडचाच असतो. ‘खान्देशी शेवभाजी’, ‘कळण्याची भाकरी मिळेल’. रिक्षावाल्यानं मला गुजरातीत भाडं सांगितलं, मी मराठीत घासाघीस केली, आणि तो अहिराणीत म्हणाला, “बस ना ताई, आपलीच शे तू.” तो पारोळ्याचा निघाला. भाडं मात्र त्यानं कमी केलं नाही.

रस्ते खरंच स्वच्छ होते. उत्तरायण नुकतंच होऊन गेलेलं, त्यामुळे विजेच्या तारांवर, झाडांवर, फ्लायओव्हरच्या कठड्यांवर फाटके पतंग लटकत होते आणि गुलाबी मांजाचे गुंते वाऱ्यावर हलत होते. खाली मात्र कागदाचा कपटा नाही. मी मनातल्या मनात पोस्टचा पहिला परिच्छेद लिहूनही टाकला.

दादा सत्तावीस वर्षांपूर्वी यंत्रमागावर कामाला म्हणून इथे आला. आता एका कारखान्यात सुपरवायझर आहे. बत्तीस घरांच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. शोभावहिनी घर असं ठेवते की पाहुण्याला चप्पल कुठे काढावी याची भीती वाटावी. सिंकखाली दोन बादल्या, हिरवी ओल्याची, निळी सुक्याची. धुतलेल्या दुधाच्या पिशव्या खिडकीच्या गजाला चिमटा लावून वाळत घातलेल्या.

“इतकं कोण करतं, वहिनी?” मी म्हणाले.

“इथं करावंच लागतं,” ती म्हणाली. “आणि आपण केलं की पुढे कचरा निवडणाऱ्या बायांचे हात घाण होत नाहीत.”

शनिवार

सकाळी सात वाजता कचरागाडी गाणं वाजवत आली आणि वहिनीच्या दोन्ही बादल्या घेऊन मीच खाली गेले. गाडीला दोन कप्पे होते, ओला आणि सुका. सोसायटीतले लोक रांगेनं येत होते, आणि मला पहिल्यांदा खटकलं ते इथे. एका आजोबांनी ट्यूबलाइट आणली. ड्रायव्हरनं ती गाडीच्या कडेवर आपटून दोन तुकडे केले आणि सुक्यात टाकली. पांढरी धूळ उडाली. मागच्या बाईनं कालबाह्य गोळ्यांची अख्खी पिशवी टाकली. तिच्या मागच्यानं अर्धा भरलेला रंगाचा डबा. बॅटऱ्या, झुरळांचं औषध, मांजाचा फुटबॉलएवढा गुंता.

“हे वेगळं नको का टाकायला?” मी ड्रायव्हरला विचारलं.

“गाडीमां बधुं चाले, बेन,” तो म्हणाला. गाडीत सगळं चालतं.

सोसायटीचे चेअरमन शेजारी दात घासत उभे होते. त्यांनी ब्रश काढून मला समजावलं की आमची सोसायटी कचरा वेगळा करण्यात या भागात नमुन्याची आहे, मागच्या वर्षी पाहणीला लोक येऊन गेले. मी म्हटलं, ट्यूबच्या आत पारा असतो. ते म्हणाले, “ए तो त्यां अलग करे.” ते तिकडे वेगळं करतात.

तिकडे म्हणजे कुठे, ते बघायचं मी ठरवलं. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, “कचरा निवडायच्या शेडवर लता आहे ना, आपल्या शिरपूरकडची. भाजी घ्यायला जाताना भेटते कधीमधी. चल, मीही येते.” लता हे तिचं खरं नाव नाही. ते लिहू नका, असं तिनं मला दोनदा बजावलं आहे.

पत्र्याची शेड डिंडोलीपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. चार-पाच सोसायट्यांचा सुका कचरा तिथे उतरतो आणि नऊ-दहा बायका मांडी घालून तो निवडतात. शेड एका ठेकेदाराची आहे. बायकांना पगार नाही, निवडलेल्या मालाच्या वजनावर पैसे.

तिथलं काम मी जे पाहिलं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. या बायका प्लास्टिक डोळ्यांनी ओळखत नाहीत, बोटांनी आणि कानांनी ओळखतात. वेफर्सचं पाकीट चुरगाळलं की कडकड वाजतं, त्याला भाव नाही, मागे फेकायचं. पावाची पिशवी खसखस वाजते, ती डावीकडे. दुधाची पिशवी वाजतच नाही. ती जाड, मऊ, जरा बुळबुळीत लागते आणि तिला सगळ्यांत चांगला भाव आहे, त्यामुळे ढिगातून आधी तीच शोधायची. हातात आली की तीन बोटांनी दाबायची. आत पाणी आहे का, दूध नासलंय का, की धुतलेली आहे, ते दाबल्यावर कळतं. धुतलेलीला जास्त भाव. लता हे करत होती तेव्हा तिचे हात मला नीट दिसतही नव्हते, इतके भराभर चालत होते.

खिळ्याला रबरी हातमोज्यांचा नवा कोरा गठ्ठा टांगलेला होता.

“ते का घालत नाही?” मी विचारलं.

“ताई, मोजा घाला का बोटे आंधया व्हतस,” ती म्हणाली. मोजे घातले की बोटं आंधळी होतात. मग दिवसभरात निम्मा माल निघतो आणि निम्मेच पैसे.

मांजामुळे सगळ्यांच्याच बोटांना चिरा पडलेल्या होत्या. लताच्या उजव्या अंगठ्याला मात्र चिंधी बांधलेली होती. वहिनीनं विचारलं, मांजानं का? लतानं हात न थांबवता सांगितलं, पहिल्यांदा मांजाच वाटला, पण सुई होती. परवा, गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला. दुधाची पिशवी होती, छान धुतलेली, तोंडाला रबर लावून घट्ट बांधलेली. दाबली आणि आतल्या इंजेक्शनच्या सुया अंगठ्यात गेल्या. एक तर हाडापर्यंत.

“बांधलेली होती तर तुला संशय नाही आला?” मी विचारलं. प्रश्न मूर्खपणाचा होता, हे विचारताना कळलं नाही.

“बांधेल व्हती म्हनीसनच दाबी ना! उघडी ऱ्हाती ते दिसी जाती.” बांधलेली होती म्हणूनच दाबली. उघडी असती तर दिसलं असतं.

ठेकेदाराच्या माणसानं तिला जवळच्या एका डॉक्टरकडे पाठवलं होतं, त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि झालं म्हणाले. रक्त तपासलं का? नाही. आणखी कुठल्या गोळ्या? नाही. मी आरोग्य पुरवणीचं पान पाच वर्षं लावलं आहे. अशा सुईवर काय करायचं असतं ते ढोबळ मला माहीत होतं, आणि त्याला बहात्तर तासांची मुदत असते हेही माहीत होतं. गुरुवार दुपारी चार. शनिवारचे अकरा वाजले होते.

शेडचा सुपरवायझर खुर्चीवर बसून मोबाइल बघत होता. मी त्याला सांगितलं की हिला आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात न्यायला हवं आणि कामावर सुई टोचली अशी चिठ्ठी दे.

“मोजां आपेलां छे,” तो गठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणाला. “पहेरे नहीं तो अमे शुं करीए?” मोजे दिलेत, घातले नाहीत तर आम्ही काय करणार. मग मराठीत, कारण तोही आपल्याकडचाच होता: “आणि चिठ्ठी कसली मॅडम? ती पगारावर नाही, किलोवर आहे. कामावर नाहीच तर कामावर लागलं कसं?”

मी चढ्या आवाजात काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याचा परिणाम इतकाच झाला की लता उठली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, गप बसा. माले काढी टाकतीन.”

शेवटी ती आली. आजाराची भीती वाटली म्हणून नाही, वहिनीनं हात धरला म्हणून. रिक्षात तिघी बसलो. शोभावहिनी सुईचं ऐकल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. मधे लता, एका कडेला मी, दुसऱ्या कडेला ती, बाहेर तोंड करून.

सरकारी दवाखान्याच्या तातडीच्या विभागात गर्दी होती, पण काम झालं. ज्यांना कधी असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी लिहून ठेवते: सुई टोचली की जखम दाबून रक्त काढत बसू नका, साबणपाण्यानं धुवा आणि थेट सरकारी दवाखान्यात जा. बहात्तर तासांच्या आत, पण खरं तर जितकं लवकर तितकं बरं. ड्युटीवरची डॉक्टर मुलगी लहानखुरी होती, आवाज बसलेला. तिनं आधी घाबरवलं नाही. म्हणाली, साखरेच्या इंजेक्शनची सुई असेल तर धोका कमी असतो, पण कमी म्हणजे नाही असं नाही. एचआयव्ही, कावीळ, दोन्हींचा विचार करायचा. रक्त घेऊ, काविळीची लस देऊ, गोळ्या आजच सुरू करू. अठ्ठावीस दिवस, एकही चुकवायची नाही. मग सहा आठवड्यांनी रक्त, मग तीन महिन्यांनी.

“सुई कोणाची होती, कळेल का?” तिनं विचारलं. “त्या माणसाचं रक्त तपासता आलं तर फार सोपं होईल. कदाचित या गोळ्या थांबवताही येतील.”

“कचऱ्यातली आहे,” मी म्हणाले. “कशी कळणार?”

पलीकडे कागद भरणाऱ्या माणसानं विचारलं, सुई कुठे टोचली, कामावर की घरी? मी ‘कामावर’ म्हणेपर्यंत लता म्हणाली, “घरमा टोचनी, अशी लिखा.” त्यानं लिहिलं. घरी. मी त्या कागदाकडे बघत राहिले. ठेकेदाराच्या शेडमध्ये गुरुवारी काहीही झालेलं नाही, याचा आता सरकारी पुरावा तयार झाला होता आणि तो जिला टोचलं तिनंच दिला होता. तिला दोष देऊ? तिची पोरगी आठ वर्षांची, नवरा बांधकामावर, आणि किलोचे पैसे बंद झाले तर घर तीन दिवसांत अडतं. मला दोष द्यायला माणूस हवा होता आणि समोर कुणीच नव्हतं.

पहिली गोळी तिनं तिथेच, नळाच्या पाण्याबरोबर घेतली. दुपारचे अडीच वाजले होते.

लताला तिच्या घरी सोडून आम्ही परत आलो. जिन्यात, पहिल्या मजल्यावर, वहिनी थांबली.

“मीना, ती आपली असेल का गं?”

मला कळलं नाही.

“तुझ्या दादाच्या सुया मी दुधाच्या पिशवीतच टाकते. धुते, सुया भरते, रबर लावते. कुणाला टोचू नये म्हणून. सुक्यात टाकते.”

दादाला सात वर्षांपासून इन्सुलिन चालू आहे, हे मला अर्थातच माहीत होतं. सुया कुठे जातात हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

“हे तुला कुणी सांगितलं, असं टाकायला?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “तूच लिहिलं होतंस ना पेपरात. मी कापून ठेवलंय.”

ते कात्रण तिनं कपाटातून काढून दाखवलं. ‘घरच्या घरी’ असं सदर होतं, आठवड्याला दहा सूचना. वापरलेल्या सुया, ब्लेड उघड्यावर टाकू नयेत, रिकाम्या दुधाच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावं व मगच कचऱ्यात टाकावं. ते मी लिहिलं होतं. पानात तीन ओळींची जागा उरली होती आणि छपाईची वेळ झाली होती, इतकंच मला आठवतं. कुणाला विचारलं नव्हतं. ती पिशवी पुढे कुणाच्या हातात जाते, याचा विचार केला नव्हता. खाली माझं नाव होतं.

रविवार

दादाला सकाळी सांगितलं. आधी तो उखडला. “मला काय झालंय? मी असा माणूस आहे का?” वहिनी म्हणाली, “तसं कोण म्हणतंय? फक्त रक्त द्या.” “लॅबवाला ओळखीचा आहे, काय म्हणेल?” “काय म्हणायचं ते म्हणू दे.” तो अर्धा तास गॅलरीत उभा राहिला, मग शर्ट घातला.

लॅब मुख्य रस्त्यावर आहे. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता. जाताना वहिनीनं घरात राहिलेल्या वापरलेल्या सुया फिनाइलच्या जाड रिकाम्या बाटलीत भरून, झाकण लावून बरोबर घेतल्या होत्या. डॉक्टर मुलीनं सांगितलं होतं, जाड बाटली, झाकण घट्ट, वर लिहून, आणि वेगळी द्या. वेगळी कुणाला, एवढं राहिलं होतं. लॅबवाला म्हणाला, आमचा सुयांचा डबा आमच्यापुरता असतो, बाहेरचं घेतलं तर नेणारा आम्हालाच विचारतो. शेजारच्या मेडिकलवाल्यानं, ज्याच्याकडून दादा सात वर्षं सुया विकत घेतो त्यानं, हात मागे घेतला. “विकतो आम्ही, परत नाही घेत.” दोन दवाखान्यांत विचारलं. चौकशीच्या एका नंबरवर फोन केला, तिथल्या माणसानं शांतपणे सांगितलं की ही बाटली गाडीतल्या वेगळ्या कप्प्यात द्यायची असते. मी म्हटलं, गाडीला दोनच कप्पे आहेत. तो म्हणाला, मग तुमच्या गाडीत तो नसेल. आणि फोन ठेवला.

भर रविवारी आम्ही तिघं डिंडोलीतून एक फिनाइलची बाटली घेऊन फिरत होतो. ती घ्यायला या एवढ्या मोठ्या शहरात कुणी तयार नव्हतं. दूध विकायला दारात माणूस येतो. सुया घरपोच मिळतात. रिकामं झालेलं, धोक्याचं जे काही आहे त्याचा मालक मात्र कुणीच नाही, आणि म्हणून ते शेवटी लताच्या अंगठ्यापर्यंत जातं. चेअरमन म्हणाले होते ना, तिकडे वेगळं करतात. करतात. बोटांनी करतात.

दुपारनंतर दादा म्हणाला, आलीच आहेस तर पोंक तरी खाऊ. तापीच्या पलीकडे, अडाजणच्या बाजूला हंगामात तंबू लागतात, डिंडोलीहून रिक्षानं पाऊण तास. पोंक म्हणजे आपला हुरडाच, फक्त दाणा बारीक आणि कोवळा, हिरवागार. तो लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खातात, वर साखरेचे दाणे, बाजूला ताक. पोंकाचे वडे गरम असताना खा. डिसेंबर ते जानेवारीअखेर मिळतो, किलोनं घेतलात तर आधी भाव विचारा, पहिला भाव बाहेरच्यांसाठी असतो. चव अप्रतिम आहे. मला ती जिभेवर कळत होती आणि त्यापलीकडे काही नव्हतं. वहिनीनं खाल्लंच नाही.

तिथेच दादाचा फोन वाजला. रिपोर्ट आला होता. काही नाही. एचआयव्ही नाही, कावीळ नाही. दादा एकदम मोठ्यानं हसला. वहिनीनं पदर तोंडाला लावला. परतताना आम्ही सरळ लताकडे गेलो.

लताला गोळीनं मळमळत होतं. ती भिंतीला टेकून बसली होती. वहिनीनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: पिशवी बहुतेक आमच्या घरची होती, बांधून मीच टाकली होती, चूक झाली, पण यांचा रिपोर्ट चांगला आहे, आता घाबरू नको. माझ्या सूचनेचं तिनं सांगितलं नाही. ते मी सांगितलं.

मला वाटलं होतं, लता म्हणेल, जाऊ द्या ताई, मुद्दाम थोडंच केलं. ती तसं म्हणाली नाही.

“बहुतेक?” तिनं विचारलं. “म्हनजे तुमनीच व्हती, हाई पक्कं शे का?”

वहिनीनं नकारार्थी मान हलवली.

“त्या गाडीमा चार सोसायट्या ऱ्हातस. तुमच्या एकट्याच घरात साखर आहे का?” मग ती म्हणाली, “पक्कं करी द्या. मंग मी गोया बंद करसू. तवपर्यंत माफी बिफी ऱ्हाऊ द्या.”

पक्कं करून द्या. मग गोळ्या बंद करते.

सोमवार

माझी परतीची गाडी दुपारची होती. सकाळी सात वाजता कचरागाडीचं गाणं ऐकू आलं तेव्हा शोभावहिनी आधीच खाली होती. सत्तावीस वर्षांत ही बाई सोसायटीच्या एकाही मीटिंगमध्ये बोललेली नाही. आज ती गाडीच्या सुक्या कप्प्यासमोर हात आडवा धरून उभी होती.

“दुधाच्या पिशव्या मी बघितल्याशिवाय जायच्या नाहीत.”

लोकांना गंमत वाटली. एकानं विचारलं, “भाभी, दूध उरलं का बघताय?” हशा पिकला. ती प्रत्येकाची बादली खाली ओतायला लावत होती आणि पिशवी दाबत नव्हती, दोन बोटांत वरून धरून उजेडात बघत होती. बांधलेली असेल तर कात्रीनं कापत होती. पहिल्या दहा-बारा घरांत काही नाही. ड्रायव्हर हॉर्न मारायला लागला.

मग एकीत सापडल्या. सात-आठ सुया, केशरी टोपणं, रबर लावलेलं. ज्या बादलीतून आली ती चार घरांची मिळून जिन्याशी ठेवलेली होती. थोड्या वेळानं दुसरी. मग तिसरी, त्यात ब्लेडंही. तिन्ही पिशव्या नीट धुतलेल्या, घट्ट बांधलेल्या. आमच्यासारख्याच काळजीवाल्या घरांतल्या.

वहिनीनं तिन्ही पिशव्या कट्ट्यावर ओळीनं मांडल्या. हसणं थांबलं होतं.

“कुणाच्या आहेत?” तिनं विचारलं.

पुढे उभे असलेले दोघंतिघं एक पाऊल मागे सरले.

“मी भांडत नाही. माझ्याही घरच्या जात होत्या. शेडवर एका बाईला सुई टोचलीय गुरुवारी. कुणाची ते माहीत नाही. आमच्या यांनी रक्त दिलंय. ज्याच्या असतील त्यानं फक्त रक्त तपासून घ्या आणि मला येऊन सांगा. नाव मी कुणाला सांगणार नाही.”

एक बाई बादली उचलून हळूच जिन्याकडे सरकली. मग दुसरा. चेअरमन पुढे आले, आवाज खाली आणून म्हणाले, “भाभी, आ इज्जतनो सवाल छे. आखी सोसायटीनी.” सगळ्या सोसायटीच्या अब्रूचा प्रश्न आहे.

तेव्हा वहिनी ओरडली. घराबाहेर ती कधी अहिराणी बोलत नाही, त्या दिवशी तिला दुसरी भाषा सापडली नाही. “इज्जत? तुमनी इज्जत शे, आनि तिना जीव काहीच नही? बोला ना! कोनी शे ही? एक थेंब रगत मांगी ऱ्हायनू, तुमनी इस्टेट नही मांगत!”

सगळ्यांना समजलं. तिथले निम्मे लोक घरात हीच भाषा बोलतात. कुणी पुढे आलं नाही. पाच मिनिटांत कट्ट्याशी वहिनी, दादा, मी, चेअरमन आणि ड्रायव्हर उरलो. ड्रायव्हरनं गाडी चालू केली आणि खाली वाकून मला विचारलं, “आ त्रण थेली नाखवानी छे के नहीं?” या तीन पिशव्या टाकायच्या आहेत की नाही?

पिशव्या वहिनीनं घरी नेल्या. त्यातल्या सुया दुसऱ्या जाड बाटलीत गेल्या. दोन बाटल्या झाल्या, घेणारं कुणी नाही.

मी दुपारची गाडी पकडली. हजिऱ्याचा समुद्र राहिला.

जळगाव

परत आल्यावर मी आमच्या जुन्या वर्तमानपत्रात फोन केला आणि चुकीची दुरुस्ती छापा म्हणाले. आताचा संपादक माझ्याच हाताखाली शिकलेला आहे. तो म्हणाला, “मॅडम, इतक्या जुन्या टिपची दुरुस्ती कोण वाचणार?” मी म्हटलं, टिप कापून ठेवणारे वाचतील. अजून छापलेली नाही. तोवर इथे लिहिते: वापरलेल्या सुया दुधाच्या पिशवीत टाकू नका, बांधून तर मुळीच नाही. जाड प्लास्टिकची बाटली, झाकण घट्ट, वर तुमच्या गावातल्या गाडीवाल्याला वाचता येईल अशा भाषेत ‘सुया’ असं ठळक लिहा, आणि हातात द्या, ढिगात टाकू नका. घेणारा नाही म्हणाला तर पुन्हा जा. ट्यूब, बॅटऱ्या, औषधं, रंग, तेही वेगळं. मी सांगितलं म्हणून नव्हे, एकदा तुमच्या गावातल्या शेडवर जाऊन बघा म्हणून. तुम्ही सुरतेला पोंक खायला जाल तेव्हा जरूर जा, शहर सुंदर आहे. रस्त्यावर कपटा दिसला नाही की तो कुणी उचलला ते विचारा.

डिंडोलीतल्या एका मोठ्या मेडिकलवाल्यानं महिन्यातून एकदा बाटल्या घ्यायचं कबूल केलंय, असं दादानं परवा सांगितलं. वहिनी त्याच्या दुकानात अकरा वेळा जाऊन आली. बत्तीसपैकी एकाही घरातून रक्ताबद्दल कुणी काही सांगितलेलं नाही. जिन्यात लोक तिच्याशी कमी बोलतात. दुधाच्या पिशव्यांत सुया येणं मात्र बंद झालंय. त्या आता ओल्यात जातात की आणखी कुठे, कुणाला माहीत नाही.

लतानं अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या पूर्ण केल्या. कारण पक्कं करून द्यायला आम्हाला जमलं नाही. घरच्यांना तिनं त्या पित्ताच्या म्हणून सांगितल्या. सोमवारपासूनच ती शेडवर होती, उघड्या हातांनी. सहा आठवड्यांची तपासणी चांगली आली. तीन महिन्यांची अजून व्हायची आहे.

गेल्या आठवड्यात फोनवर तिनं सहज सांगितलं की पोरगी हल्ली आजीजवळ निजते. मी विचारलं, का? जवळ घेण्यानं, एका ताटात जेवण्यानं यातलं काहीच होत नसतं, डॉक्टरनं सांगितलं होतं ना तुला?

“सांगेल शे,” ती म्हणाली. “माले माहीत शे ताई.”

“मग?”

मागे शेडमध्ये कुणीतरी प्लास्टिक चुरगाळत असल्याचा आवाज येत होता.

“तारीख येऊ द्या,” ती म्हणाली.